वापरलेलं, न वापरलेलं, खराब

काल संध्याकाळीच मी पाढे झाकले.
तपकिरी कागद, चिकटपट्टी, डुगडुगतं स्टूल.
साताचा पाढा, नकाशा, महिन्यांची नावं,
आणि 'चुकलं तरी चालेल' ही पाटी,
सप्टेंबरात मीच रंगवलेली.
नियम आहे : भिंतीने मदत करायची नाही.

आज तिसरीचे चोवीस.
बाहेर विल्मारच्या तळ्यावर एप्रिलातही बर्फ,
करडा, कुजका, पाय ठेवू नये असा.
आत मी ठळक अक्षरांतलं मोठ्याने वाचते,
बारीक अक्षरांतलं मनात.
'पेन्सिल उचला.' उचलल्या.
'कुणाला काही शंका?'
एलिआसला आहे. मासे झोपतात का?
'जमेल तितकं चांगलं करा,' मी म्हणते.
एवढं म्हणायची मला परवानगी आहे.

मूल ओकलं तर काय, ते पान एकेचाळीसवर :
प्रत पारदर्शक पिशवीत घाला, तोंड बंद करा,
वर क्रमांक लिहा.
आगीची घंटा वाजली तर काय, तेही आहे.
सत्तावीस वर्षांत मी दोन्ही पाहिलं,
एकदा तर एकाच सकाळी.

पण दहा वाजून बारा मिनिटांनी
होदानचा दात पडला.
आठवडाभर जिभेने ढकलत होती,
आज सतराव्या प्रश्नाने तो पाडला.
प्रश्न काय होता ते सांगता येणार नाही,
मी सही करून बसले आहे.
रडली नाही. दात तळहातावर घेऊन
माझ्याकडे बघत राहिली, ओठ घट्ट मिटून,
कारण बोलायचं नाही हे मीच बजावलेलं.
उत्तरपत्रिकेवर एक थेंब,
नेमका 'क'च्या वर्तुळात, काठोकाठ.
वर्षभर कानीकपाळी ओरडून
वर्गात कुणाला इतकं नेटकं भरता आलं नव्हतं.

पुस्तिका चाळली. दाताचं पान नाही.
मग खोडरबरं ज्यातून आली ते पाकीट रिकामं केलं,
दात आत, वर तिचं नाव.
ती चूळ भरून आली
आणि थेट अठराव्याला लागली.
सतरावं भरलंय असंच वाटलं असणार.

बसपाशी म्हणाली,
'आजी सांगते, दात सूर्याकडे भिरकवायचा.'
'स' फटीतून शिट्टी होऊन येत होता.
मी वर पाहिलं. नुसतं ढग.
'मग उद्या,' तीच म्हणाली,
माझी समजूत काढल्यासारखी.

साडेतीनला ऑफिसात, दार लावून,
डागाळलेलं कोऱ्या पत्रिकेवर उतरवायचं.
हे दोघींनी करायचं असतं :
मार्लिस वाचणार, मी भरणार.
'एक, ब.' ब.
'दोन, ड.' ड.
सहावं चूक. चूक लिहिलं.
अकरावंही चूक,
आणि गेल्या गुरुवारी हेच गणित तिने फळ्यावर
खडू मोडेपर्यंत दाबून बरोबर सोडवलेलं.
चूक लिहिलं. गोल, काळं, रेषेच्या आत.
आयुष्यभर चुकांवर लाल फुल्या मारल्या,
एकीलाही इतक्या निगुतीने
वळण दिलं नव्हतं.

'सतरा,' मार्लिस म्हणाली, आणि थांबली.
'इथे रक्त आहे.'
'खाली पेन्सिल?'
तिने कागद दिव्यासमोर धरला.
'नाही.'

'क' बरोबर होतं.

मार्लिसने चष्मा काढला, पुसायला घेतला.
चष्मा काही इतका मळलेला नव्हता.
हीटर घरघरत होता, कुठेतरी झाडूवाला
बादली ओढत होता,
माझ्या हातातली पेन्सिल नुकतीच टोक केलेली.

मी काय केलं ते सांगता येणार नाही.
त्याच्याखालीही सही आहे, दोघींची.

मग मोजदाद. वापरलेलं तेवीस. न वापरलेलं सहा.
खराब एक, पिशवीत, तोंड बंद.
खोक्याला पट्टी लावली, कपाटाला कुलूप.
वर्गात परतले तेव्हा एका कोपऱ्यात कागद सुटून
सात आठे छप्पन्न बाहेर डोकावत होते.
स्टूल ओढलं, पुन्हा चिकटवले.
उद्या गणिताचा पेपर.