खोबण

बेतीच्या वर्कशॉपातून ते आलं प्लास्टिकच्या पिशवीत,
तळाला डिझेलचं पाणी,
एका अंगाने चपटं, दुसऱ्या अंगाने फुगलेलं,
वागळ्याच्या शेपटीसारखं वळलेलं.
चिठ्ठीत एवढंच: असेच चार नग. तातडीने.
ड्रॉइंग नाही.

केंकरेबाबांनी चष्मा कपाळावर सरकवला.
"साचा?"
साचा कायतानने केला होता.
कायतान गेला, त्याचा मुलगा स्विंडनला
कुठल्याशा गोदामात खोके उचलतो,
आणि साचा, खाणी बंद पडल्या त्या वर्षी,
आमच्या दोन महिन्यांच्या पगारासाठी
भंगारात गेला, किलोच्या भावाने.
काट्याजवळ मीच उभी होते.

उर्वेश दिवसभर फोनवर.
राजकोट म्हणालं, पाचशे नग घ्या.
पुणं म्हणालं, सहा आठवडे.
चेन्नईने विचारलं, मटेरियल कुठलं?
मी कड नखाने दाबली, हुंगली.
"नायट्राइल. सत्तरचं."
"काकी, वासावरून?"

वासावरून नुसतं नाही.
जोडरेषेवर एक तिरका छाट होता, कणीएवढा.
तसा छाट डाव्या हाताची कात्री सोडते
आणि बेतोड्याच्या या शेडमध्ये डावखुरी मी एकटी.

सतरा वर्षं झाली.
एकशे साठ डिग्री, आठ मिनिटं,
साचा उघडला की गंधकाचा भपकारा
आणि कड्याभोवती पातळ, फुकटची झालर.
ती कापायची. जास्त कापली तर गळतं,
कमी कापली तरी गळतंच.
कार्बन नखांत बसतो तो चवथीलाही निघत नाही,
म्हणून सासूबाई मला पीठ मळू देत नसत,
नेवऱ्यांची फक्त कड कातायला देत.
"तोंड नीट दाब गो, तेलात सुटली
तर चून सगळी कढईत."
त्यांना कधी सांगितलं नाही
की याच कामाचा मला पगार मिळतो.

बाब व्हर्नियर घेऊन बसले तेव्हा म्हटलं,
हे मोजू नका.
हे नऊ वर्षं डिझेल प्यायलंय,
दाबाखाली बसून बसून
आपलं माप विसरलंय.
जिथे बसत होतं ती खोबण मोजा.

तर आम्ही बेतीला.
फेरीबोट धक्क्यावर ओढलेली,
पोटाला कालवं, शाफ्ट बाहेर काढून ठेवलेला.
मी खोबणीत बोट घातलं. गाळ निघाला,
वाळू निघाली, मग गुळगुळीत धातू.
वरून एक खलाशी वाकून बघत होता.
"बाय, तू दिवाडीची न्हय गो? शनवाराची?"
रुझार. तिकीट न विचारणारा रुझार.
म्हणजे ही ती.

नऊ वर्षं शनिवारी जाणं, सोमवारी येणं.
आईची औषधं, फणस, एकदा शिलाई मशीन.
एकदा आई स्वतः,
रात्री साडेअकराला, ॲम्ब्युलन्समध्ये,
आणि मी गाडीच्या दाराला धरून
पात्राच्या मध्यावर इंजिनाचा आवाज ऐकत होते,
बंद पडू नये, बंद पडू नये.
पडलं नव्हतं.
माझ्या चपलांखाली, काळोखात,
नदी आणि इंजिन यांच्यामध्ये
बोटभर जाडीचं ते बसलेलं होतं
आणि मी म्हाळसेला नारळ बोलले होते.

"काकी, आकडा?"
उर्वेश पेन उघडून उभा.
"थांब. परत मोजते."

संध्याकाळी बाबांनी हिशेब मांडला.
चार नगांसाठी नवा साचा परवडत नाही,
कुणालाच परवडणार नाही,
सरकारी बिल तर पुढच्या शिगम्याला निघेल.
असं बरंच बोलले.
मग कागद पुढे ओढला
आणि पोलादाची ऑर्डर लिहायला घेतली.