तिसऱ्या दिवसाची

दाबाई तिसऱ्या दिवशी नासते,
सिबूच्या बाजारात हे शेंबडं पोरही सांगेल.
काळी, जांभळाहून थोडी लांबट,
कोमट पाण्यात भिजवली की लोण्यागत.
पहिल्या दिवशी भाव, दुसऱ्या दिवशी घासाघीस,
तिसऱ्या दिवशी इंदाई सुलाउ
उरलेली टोपली नदीत पालथी करते.

मी नेमकी तीच मागितली.
नासलेली. पैसे देऊन.
तिनं शेजारणीकडे पाहिलं
आणि वजनाच्या वर दोन टाकली,
कीव करून.

कुचिंगच्या प्रयोगशाळेत
देठापाशी राखाडी डाग, नखाएवढा.
सुईच्या टोकानं उचलून
बटाट्याच्या आगरावर ठेवला.
चौथ्या दिवशी बशीत पांढरी साय,
नवव्या दिवशी सायीच्या कडेला गंज.
निळ्या रंगात बुडवून काचेवर घेतले बीजाणू:
होड्याच त्या, एका टोकाला किंचित वाकलेल्या.
शंभर मोजायचे असतात.
सत्त्याहत्तराव्याला माझा डोळा लागला,
पुन्हा एकपासून.

मग ग्रंथातली किल्ली.
मध्ये पडदा आहे का? आहे. पुढच्या दारी जा.
शेपूट? नाही. पुढे.
भिंत खरखरीत की गुळगुळीत?
असं करत अकराव्या दाराशी आले
आणि तिथली दोन्ही उत्तरं चुकीची निघाली.
दिवा तसाच ठेवून
मी बराच वेळ बसून राहिले.

वंशवृक्षात हिची फांदी एकटी, लांब.
जवळची भावकी केळीच्या सालीवर, समुद्रापलीकडे.
शंभरात चौऱ्याण्णव जुळतं त्यांच्याशी.
उरलेल्या सहांत
किती पूर गेले, कुठल्या पाखराच्या चोचीतून कोण आलं,
ते यंत्र सांगत नाही.
यंत्र फक्त अक्षरं देतं, चारच,
आणि वीजबिल.

"नाव ठेव आता," एम्पाती मॅडम म्हणाल्या,
जसं काही पाळणा टांगलेलाच आहे.

पुढच्या हंगामात बोटीनं सिबूला गेले.
"इंदाई, तुमचं नाव देऊ का हिला?
लॅटिनमध्ये. कायमचं."
ती हसली नाही.
"हे नाव माझ्या आजीचं. मला उसनं दिलंय.
कुजण्याला लावलंस
तर स्वप्नात येऊन तीच मला जाब विचारेल."
फळं निवडता निवडता पुन्हा थांबली.
"आणि नवी कशी गं ही?
माझ्या आईचीही टोपली तिसऱ्याच दिवशी जायची."

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.
शोधनिबंधात तसा रकानाही नव्हता.

मी लिहिलं: त्रिदुआना.
तीन दिवसांची.

आता एक फळ, वाळून खारकेसारखं झालेलं,
कपाटात, पाकिटात, कापराच्या वासात.
जगात कुणालाही शंका आली
तर इथे येऊन याच फळाला विचारायचं.
नदीकाठी तीन दिवस न टिकलेलं,
ते आता माझ्याहून जास्त टिकेल.

पाकिटावर तारीख, गाव, झाड,
आणि खाली, शाईनं,
गोळा करणारी: सुलाउ.
एवढं तिनं चालवून घेतलं.
त्या दोन जादा फळांचे पैसे मात्र
या खेपेला मागून घेतले.