पाटकरीची वही

पिंपळनेरच्या कॉलेजात, प्रॅक्टिकलच्या दिवशी,
जुबेदा खाटीकनं डब्यातून आणली
बोकडाची सात मूत्रपिंडं.
वरची चरबी तिनंच सोलली, नखानं, सवयीनं,
ओल्या शेंगेतून दाणा काढावा तशी.
निघोजकर मॅडम म्हणाल्या, उभा काप द्या.
दिला.
कडेला गडद लाल, आणि कडेकडून मधल्या पोकळीकडे
उतरत आलेल्या रेषाच रेषा.

माझ्या तोंडून निघून गेलं,
"मॅडम, हाई ते आमना फड शे!"
वर्ग हसला. मॅडम नगरच्या,
त्यांना पांझरा ठाऊक, फड नाही.
मग सांगत गेले:
वरती बंधारा, तिथून पाट,
पाटातून चारी, चारीतून सारंग,
आणि खांद्यावर फावडं टाकून रात्रभर
पाण्याच्या मागं फिरणारा पाटकरी,
म्हणजे माझे नाना.
उरलं पाणी सांडीवरून पुन्हा नदीत.

मॅडम जरा वेळ गप्प.
मग म्हणाल्या, दिवसाला एकशेऐंशी लिटर गाळलं जातं,
लघवी होते दीडेक लिटर.
बाकी सगळं नळीच्या भिंतीतल्या पेशी
मागं ओढून घेतात.
तिथं तुझ्या नानांसारखे लाखो कामाला आहेत, बिनपगारी.

काचपट्टीवर पाहिल्या त्या पेशी,
एका थरात, विटा रचाव्यात तशा.
बोकडाच्या की माझ्या,
मला तरी सांगता आलं नसतं.

डीएनएचा धडा आला तेव्हा
नाना घरी वही उसवत बसलेले.
डाव्या पानांवर नावं, उजव्यांवर पाळ्या.
दोन्ही गड्ड्या वेगळ्या केल्या,
नावांवरून पाळ्या लिहिल्या, पाळ्यांवरून नावं,
दाभणानं शिवल्या दोन वह्या,
एक हवालदाराला, एक स्वतःला.
दोन्ही अर्ध्या जुन्या, अर्ध्या नव्या.
मी काही बोलले नाही.
बोट ठेवून एकेक ओळ ताडून बघत होते ते.

एका ओळीत मात्र 'खिपरू धुडकू'.
"नाना, झिपरू ना?"
"माले ठाऊक शे. मना बापना हातनी चूक शे ती."
"मग?"
"पानी ते बराबर जास."

झिपरूबाबा जाऊन वीस वर्षं झाली.
नातू अजून खिपरूच्या पाळीवर
कांदा भिजवतो.

वही मिटून नाना उठले,
गोठ्यामागं निंबाच्या बुडाशी गेले.
दीड लिटरातला काही हिस्सा.
बाकीचं पाणी आत फिरत राहिलं,
आणि ते फावडं उचलून पाटाकडे निघाले.