मधली नळी

मे संपत आलेला. एर्मोसियोच्या दक्षिणेला
नव्या इस्पितळासाठी खणलेला चर.
सकाळी सातलाच पहार हातात धरवत नाही.
माती म्हणावी तर माती नाही, पांढरा चुनखडी कातळ,
कुदळ मारली की ढेकूळ नाही, ठिणगी देतो.

अन्सेल्मो बुइतिमेआ खाली उतरतो.
टेप खिशातच. आधी वीत लावतो,
नळीच्या मध्यापासून शेजारणीच्या मध्यापर्यंत.
त्याची वीत बावीस सेंटिमीटर भरते,
नकाशात एकोणीस आहेत,
वरचे तीन तो करंगळीतून वजा करतो
आणि मान वर करून म्हणतो, लिहा, इंजिनियर.
मग मी टेप लावते. एकोणीस.

तीन थर, थरात तीन नळ्या.
दर दीड मीटरला प्लास्टिकचं खोगीर,
वरून तारेची गाठ,
कारण ओलं काँक्रीट ओतलं की नळ्या तरंगू लागतात
आणि जत्रेतल्या पोरींसारख्या
एकमेकींना बिलगतात.

बिलगल्या तर बिघडलं काय?
हा एवेलिओ, ठेकेदाराचा मुलगा, बूट अजून कोरे.
चर हातभर अरुंद केला तर
कातळ फोडायच्या मशीनचं तीन दिवसांचं भाडं वाचतं.
वीज तांब्यातून जाते. तिला काय कळतंय शेजारी कोण.

माझ्याकडे आलेख होते.
मी सांगणार होते की वीज जाते, पण ऊन मागे ठेवून जाते,
त्या उन्हाला तांब्यातून रबरात, रबरातून नळीतल्या हवेत,
काँक्रीटमधून मातीत असं पायी जावं लागतं,
आणि माती ओलसर असेतोवरच त्याला घरात घेते.
सुकली की हात आखडते.
मग तापते म्हणून सुकते, सुकते म्हणून
जास्तच...

तुम्ही भावंडं किती? अन्सेल्मोने चरातूनच विचारलं.
एकटाच.
मग कसं कळणार.

आम्ही नऊ, तो म्हणाला. बाकुमला, घरामागे,
उन्हाळ्यात अंगणात नऊ खाटा, तीन तीनच्या.
दोन खाटांमधून घागरा न अडकता
आईला चालता आलं पाहिजे, एवढंच तिचं माप.
कोपऱ्यातल्यांना वारा. कडेच्यांना निम्मा.
मधला मी.
रात्री दोनला आठ अंगांची वाफ माझ्यावर,
उशी या कुशीवरून त्या कुशीवर उलटायची
आणि दोन्हीकडून भाजायची.
एका वर्षी पाहुणे आले, खाटा सरकवल्या.
पहाटे मला उचलून जनावरांच्या हौदात बसवलं म्हणे.
मला आठवतो तो फक्त शेवाळाचा वास.
दुसऱ्या दिवशी आईने मधली खाट काढून टाकली.

मग तुम्ही कुठे झोपलात?
दारात. कुत्र्याशेजारी. बरं होतं.

एवेलिओ काही बोलला नाही. बापाला फोन करायला
टेम्पोच्या सावलीत गेला, बराच वेळ आला नाही.
मशीन मात्र दुपारी सुरू झालं.

नकाशात मी मधल्या नळीवर फुली मारली होती: रिकामी.
हिशेबनिसाने दोनदा विचारलं,
नळीचे पैसे द्यायचे आणि नळी वापरायची नाही?
मी दोनदा हो म्हणाले.
पहाटे तीनला काँक्रीट ओतलं, लाल रंगाचं,
उद्या कुणी खणलंच तर
रंग बघून पहार थांबावी.

ऑगस्ट. बाहेर शेहेचाळीस.
इस्पितळाचे सगळे मजले थंड हवेने घुमताहेत.
मी मॅनहोल उघडलं,
रिकाम्या नळीत दोरीने तापमापी सोडली,
अर्धा तास थांबले, ओढून घेतली.
एकोणसाठ.
काही न वाहता एकोणसाठ.

अन्सेल्मोला फोनवर आकडा सांगितला.
तो जरा वेळ गप्प. मागे कुठेतरी कढईचा आवाज.
मग म्हणाला, आणि तिथे पोर निजवायचं होतं त्यांना.

झाकण लावलं. भिंतीच्या वीतभर सावलीत
एक कुत्रं जीभ काढून पडलं होतं.
ते त्याला सांगायचं राहून गेलं.