रकाना तिसरा : वास

बाटली हातात आली तेव्हा आधी काट्यावर ठेवली,
प्रयोगशाळेची सवय.
एक किलो दोनशे ऐंशी. काच जाड, बुडाशी खोल खळगा,
लेबलावर दोन मनोऱ्यांचं घर, एक निरुंद रस्ता,
नाव : शातो ग्राव्ह मोरेल, मेदॉक.
खाली साल, अठ्ठ्याण्णव.
त्या साली मी दहावीला बसले होते.

बेर्नारच्या मामाचा मळा तो.
सहा हंगाम सांगत राहिला,
गिरणाऱ्याच्या आमच्या पत्र्याच्या शेडमध्ये
टाकीला पाठ टेकून :
तिकडे माती अशी नाहीच,
नदीनं आणून टाकलेले गोटे, मुठीएवढे,
दिवसभर ऊन पितात
आणि रात्री वेलींच्या पायाशी
थोडं थोडं परत करतात.
डिसेंबरात पानं झडून वेल झोपते.
चार महिने तिला कुणी हाक मारत नाही.

झोपते, हा शब्द कौतिकबाईनं धरून ठेवला.
रबरी नळीनं टाकी आतून धुता धुता
तिचा आवाज पोलादातून घुमत आला :
"आपलीला कुठली वं झोप, ताई.
एप्रिलात खरडायची, दसऱ्याला पुन्हा कात्री,
अन् पीक एकदाच."
बेर्नारनं विचारलं, काय म्हणाल्या?
मी सांगितलं, हो म्हणाल्या.

मार्चातली संध्याकाळ. शेवटची काबर्ने दाबून झाली होती,
आवारात चोथ्याच्या ढिगावर चिलटं,
मागं काश्यपीचं पाणी उतरलेलं, काठाला काळा खडक उघडा.
दुसऱ्या दिवशी त्याचं विमान.
बूच अर्ध्यात तुटलं.
कँटीनमधून चहाची गाळणी आणली,
अठ्ठ्याण्णव सालचं मेदॉक
आलं-वेलची लागलेल्या जाळीतून गाळलं.
(आधी धुतली होती. दोनदा.)

पाच पेले. कौतिकबाई म्हणाली,
"शनिवार हाये, मी नुसतं हुंगते."

वही माझ्याकडे. रकाना पहिला रंग : विटेसारखा, कडेला फिकट.
दुसरा गढूळपणा : बुचाचे कण.
तिसऱ्यासाठी बेर्नार एकेक शब्द देत गेला :
कासिस. ते फळ इथं कुणीच पाहिलेलं नव्हतं.
सीडर. ते झाडही नाही.
मी लिहीत गेले, जशी शाळेत
न कळलेली व्याख्या लिहायचे.

कौतिकबाईनं पेल्यात नाक घातलं, डोळे मिटले,
बराच वेळ काढलं नाही.
मग म्हणाली, "पोराची कंपासपेटी."
थांबून, "शॉपनरचा कचरा ऱ्हातो ना कोपऱ्यात, त्यो.
अन् वर जांभूळ, पण कालचं."

हे मात्र सांगता येईना.
टेबलाच्या खणातून पेन्सिल काढली, टोक केलं,
कीस तळहातावर घेऊन त्याच्या नाकाशी धरला.
तो हसला.
मग हसायचं थांबून टाकीच्या काट्याकडं बघत
म्हणाला, मळा मागच्या वर्षी विकला,
एका विमा कंपनीनं घेतला.
मामा गावात दोन खोल्या घेऊन राहतो.
घराचं चित्र त्यांनी लेबलावर तसंच ठेवलंय.

मी ते कुणाला भाषांतर करून सांगितलं नाही.
माझ्याच घरी अजून
"ज्यूसच्या कंपनीत आहे" असं सांगतात,
रामकुंडाच्या वाटेवर कुणी भेटलं की माझे वडील
आवाज थोडा चढवून.

जूनमध्ये वही मुंबईच्या ऑफिसला जाऊन आली.
तिसऱ्या रकान्यात लाल शाईनं प्रश्नचिन्ह :
कंपासपेटी म्हणजे?
पानात पेन्सिलीचा कीस अजून होता,
काळपट, चपटा. तोच खालच्या ओळीवर सरकवला.

आता दसरा होऊन गेला.
छाटणी उरकली, ओळीच्या ओळी नागड्या काड्यांच्या.
फक्त पंपाच्या बाजूची शेवटून दुसरी वेल
कुणाच्या तरी हातून राहून गेलीय.
कौतिकबाईला विचारलं नाही.
येता-जाता बघते.
झोपलीय की नुसती हिरवी उभी आहे,
सांगता येत नाही.