चौथा प्लग

तीन निघाले मुकाट्यानं.
चौथा पार मागे, पत्र्याला पाठ लावून बसलेला.
दिसत नाही, नुसता बोटाला लागतो,
दाढेमागं अडकलेल्या सुपारीसारखा.

राजेंद्रनगरातला रविवार. इंजिन रात्रभर निवलंय.
वरच्या गॅलरीतून खंडेलवाल,
"क्यों भिया, निकला?"
मी मान हलवतो. काय अर्थ घ्यायचा तो घ्या.

पान्याला दांडी, दांडीला सांधा,
सांध्याला आणखी एक दांडी.
हात इतका लांब झालाय
की टोकाशी काय चाललंय ते मला उशिरा कळतं.
कर्र.
प्लग, की मनगट?
प्लग.

काजळी धरलेला, टोकाशी झिजलेला.
शरयूची सात वर्षांची इंदूर–देवास ये-जा
ह्याच्या नखाएवढ्या फटीत पेटत होती.

नव्याला मी पाना लावणार, तोच ती म्हणाली, थांब.
कूलरची जुनी नळी वीतभर कापली,
प्लगच्या डोक्यावर चढवली.
"आटा चुकला तर नळी घसरते.
पाना घसरत नाही, तो रेटतो."
देवासच्या कारखान्यात ती नेमकं काय करते
हे मी कधी नीट विचारलं नव्हतं.

बांगडी काढून तिनं कोपरापर्यंत हात घातला,
डोळे मिटले,
आणि आधी उलटं फिरवलं.
उलटं?
श्श.
आत कुठंतरी बारीक टक् झालं.
मग सुलट, दोन बोटांनी, सावकाश.

हात बाहेर आला तो ओरखडलेला, काळा.
पुसायला मी फडकं शोधतोय.
"राहू दे," म्हणाली,
"किल्ली फिरव."