करदोडा

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात, मुहू बेटावर,
बर्फ फक्त दफनभूमीच्या भिंतीच्या सावलीत उरलेलं असताना
वाइके गुडघे टेकते.
थडग्यापुढे नव्हे, गवतापुढे.

एक पातं चिमटीत धरून उन्हाकडे करते.
टोकापासून चार बोटं फिकट,
खाली हिरवं.
आणि जिथे हिरवं सुरू होतं तिथे,
पात्याच्या दोन पापुद्र्यांमधे,
एक पिवळट रेघ हलते.

सगळा हिवाळा ही आतच होती.
समुद्र गोठला, माणसं गाड्या घेऊन त्यावरून गेली,
आणि हिने आतला गर तेवढा खाल्ला,
भिंती न पाडता.

मे महिन्यात बाहेर येईल. कोश विणणार नाही.
काडीला पोट लावून
कमरेला रेशमाचा करदोडा बांधेल
आणि उघड्यावर निजेल.
पाऊस आला तरी अंगावर तेवढंच.

हे सगळं एन्डेलच्या वहीत पेन्सिलीने आहे.
भाऊ दिवसभर खांबावर चढून टेलिफोनच्या तारा जोडायचा,
संध्याकाळी घरी यायचा तो गुडघ्यांना माती लावून.
‘१४ जून. पांढरं. जवाच्या दाण्याहून लहान.
गवतावर बसलं की गवताचंच वाटतं. नाव माहीत नाही.’
नाव पुढे तार्तूहून पत्राने आलं,
पाकोळीपेक्षा कितीतरी लांब.
वाइकेने ते पाठ केलं नाही.
ती म्हणते, एन्डेलचं पांढरं.

गवत कापायला ऊकू येतो.
‘भिंतीलगतचा पट्टा राहिलाय.’
‘राहू दे.’
‘लोक विचारतात.’
‘जुलैत सांग त्यांना.’

इथे थडग्याभोवती वाळू घालतात,
तिच्यावर दर शनिवारी दाताळ्याने सरळ रेघा ओढतात.
तण दिसलं तर शेजारी बघतात.
एकोणीस वर्षं वाइकेने एन्डेलवर
एक पातं उगवू दिलं नाही.
कुणाच्या अंगावर काय वाढू देत नाही आपण,
हे तिला गेल्या शरदात, हातात दाताळं असताना, सुचलं.
दाताळं तिने भिंतीला टेकवलं. अजून तिथेच आहे,
गंजतंय.

जूनमध्ये रात्री अकरालाही उजेड हटत नाही.
पट्ट्यातून पांढरी उठतात,
गुडघ्याएवढी उंच, मग पुन्हा गवतात.
एक भलतीकडेच जाते,
एन्डेलच्या वाळूवर,
जिथे आता तीन पाती आहेत.
वाइके मोजते. तीनच.

एका अळीला पुरतील.